निम्म्या पोटाचा उन्हाळा

जत्रांची आमंत्रणं आता मोबाईलवर येतात. देवाचा फोटो, खाली महाप्रसादाची वेळ आणि शेवटी जोडलेले हात. एकच आमंत्रण सगळ्या गोताला एकदम गेलेलं असतं. मग ते मला आहे की नुसतं माझ्या नंबराला, हे कसं ओळखायचं? पूर्वी घरचा माणूस दारात येऊन उभा राहायचा. पाणी प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि निघताना म्हणायचा, यायचं बरं का. ते तो कोणत्या आवाजात म्हणतो त्यावरून समजायचं, खरंच बोलावलंय की रीत उरकलीय. आता आवाजच नाही. असल्या आमंत्रणावर माझा विश्वास नाही.

चैत्र मात्र न बोलावता येतो. निगडीत आमच्या इमारतीखाली कडुनिंब आहे. तो फुलला की त्याचा वास दुपारी चौथ्या मजल्यापर्यंत चढतो, आणि त्यात मला पुरण शिजल्याचा वास यायला लागतो. सुनेला विचारते, पुरण घातलंय का. ती नाही म्हणते. मी तरी स्वयंपाकघरात जाऊन बघून येते.

आमच्या भागात चैत्रात प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. आज या गावची जत्रा, दोन दिवसांनी ओढ्यापलीकडच्या. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी बोकड आणि कुस्त्या. धुरळा, हलग्या, पोरांच्या पिपाण्या, ओल्या पोत्यांवर मांडलेली कलिंगडं. महिनाभर माणसं बैलगाडीतून, सायकलवरून, एसटीच्या दाराला लोंबकळत एकमेकांकडे जेवत फिरायची. आणि त्या महिन्यात माणसाचं मन त्याच्या ताटावरून तपासलं जायचं. मागून घेतलं तर मन साफ. 'नको, पुरे' म्हणाला तर नक्की काहीतरी धरून बसलाय. वाढणारे मायेपोटी आग्रह करायचे, असं आता लोक सांगतात. मला तसं वाटत नाही. निम्मा आग्रह म्हणजे चौकशी असायची.

अशा मुलखात माझा नवरा निम्मं पोट घेऊन परत आला.

बहात्तरचा दुष्काळ सरून दुसरं वर्ष होतं. हे पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. आम्ही चिंचवडला दोन खोल्यांत राहत होतो. शिफ्ट बदलली की जेवणाची वेळ बदलायची, वर कडक चहा, वर तंबाखू. पोटात जळजळ जुनीच होती. थंडीत एकदा मशिनीशेजारीच रक्त ओकले. पुण्याला नेलं. डॉक्टरांनी अल्सर म्हणून निम्म्याहून जास्त पोट कापून काढलं. घरी आणलं तेव्हा शर्टाच्या कॉलरमध्ये मान मडक्यातल्या रवीसारखी दिसत होती.

कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पावसाळ्यापर्यंत वजन भरलं तर पुन्हा मशिनीवर. नाहीतर कायमचं गेटवर. तोवर गेटवर खुर्ची टाकून बसायचं, ट्रक मोजायचे. ज्या माणसाने लोखंड सुतासारखं कापलं तो ट्रक मोजत बसला. कपडे धुवायला टाकले की मी ते नाकाशी धरायची. मशिनीच्या तेलाचा वास कमी कमी होत एक दिवस गेलाच. तेलाचे डाग काढताना मी पूर्वी शिव्या द्यायची. बिनडागाचे कपडे धुताना हात जड व्हायचे.

तर डॉक्टरांचं ठरलेलं होतं, काट्यावर वजन दिसलं पाहिजे. माझंही तेच ठरलेलं. यांच्या मनात काय ठरलेलं होतं ते मात्र यांनी मला सांगितलं नाही. पुढचा सगळा घोळ तिथून झाला.

दवाखान्यातून निघताना मला एवढंच सांगण्यात आलं की थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा द्या, चावून खाऊ दे, तिखट नको. बाकीचं पेशंटला समजावलंय, असं म्हणाले. मी ते धरून बसले. सकाळी दुधात कुस्करलेली चतकोर भाकरी. मग उकडलेलं अंडं. दुपारी मुगाचं वरण आणि मऊ भात, तोही वाटीभरच. उन्हं कलली की पुन्हा काहीतरी. कधी मटणाचं अळणी पाणी. मी समोर बसायची. घास गिळायच्या आधी चावला का, ते जबडा बघून ओळखायची. हे म्हणायचे, तू मांजरासारखी बघत बसतेस. मी म्हणायची, बघणारच. गेटवरून आले की हाताचा वास घ्यायची. एकदा भज्यांचा वास आला. भजी मित्राने खाल्ली, मी नुसती पुडी धरली होती, असं यांचं म्हणणं. त्यानंतर मी डब्याबरोबर स्वतः गेटपर्यंत जायला लागले.

चाळीत निराळंच सुरू झालं. नळावर बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. घरमालकीण एकदा यांना बोलावून तूप-भात घालताना मला दिसली. तिचं म्हणणं, बायको नवऱ्याला चतकोर भाकरीवर ठेवते म्हणजे हिचा काहीतरी विचार आहे. काय विचार असणार? पण संशयाला कारण लागत नाही, वाळलेला माणूस पुरतो.

आता माझ्या नातवाने, अमोलने, मुद्दाम पोट लहान करून घेतलंय. वजन फार वाढलं होतं, साखर, गुडघे, सगळंच. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी चालायला लागला. त्याच्या मोबाईलमध्ये त्याची ध्येयं लिहिलेली आहेत. किती प्रोटीन, किती पाणी, किती पावलं, कोणत्या महिन्यात किती वजन. एक बाई त्याला फोनवरून जेवण सांगते. ते सगळं बरोबर असेल. पण मी त्याला विचारलं, यातलं तुझं कोणतं? तो म्हणाला, आजी, सगळंच माझं. माणसाचं खरं ध्येय असं विचारल्यावर लगेच सांगण्यासारखं असतं, यावर माझा भरवसा नाही. आठ दिवसांनी तो फ्रिजपाशी उभा राहून आइस्क्रीम खाताना मला सापडला. भाकरी चावावी लागते, ती पोटात अडते. आइस्क्रीम सरळ उतरतं, हे त्याला समजलं होतं. 'एवढ्याशाने काय होतं?' म्हणाला. हे वाक्य मी त्याच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

तो चैत्र. चऱ्होली यांचं गाव. तिथे यांचे थोरले भाऊ आणि माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणायची. दुष्काळाच्या आधी वाटणी झाली होती. विहीर कुणाकडे यावरून भाऊ-भाऊ ओट्यावर उभे राहून वाईट बोलले होते. तेव्हापासून येणं-जाणं होतं, पण दोन्हीकडचे तोलून वागायचे. जत्रेला बोलवायला दीर स्वतः आले. माझ्याशी ते बोलत नसत, मी त्यांच्यापुढे पदर घेऊन आत. पण आवाज मी ऐकला. बोलावणं खरं होतं.

यांना पंगतीत दिरांच्या शेजारी बसवलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. दुष्काळात याच घरात रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या खाल्लेल्या, त्या घरात त्या दिवशी पोळ्यांची चळत लागली होती. आक्काने यांच्या ताटात पोळी घातली, वर गुळवणी. ते गुळवणी मोठ्या पातेल्यातलं नव्हतं. आतल्या फडताळातून एक झाकलेलं तांब्याएवढं भांडं तिने काढलं आणि फक्त यांना वाढलं. ते मी पाहिलं. हे खाली मान घालून जेवले. दुसरी पोळी घेतली. दिरांचा चेहरा सैल झाला. मी दारातून खुणा करत होते, यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

हात धुऊन थोडा वेळ झाला असेल. यांच्या कपाळावर घाम आला. साधा घाम नाही, मडकं पाझरावं तसा. तोंड पिवळं पडलं, छाती धडधडायला लागली, ती शर्टावरून दिसत होती. ओट्यावर आडवे झाले. माणसं गोळा झाली. कुणी कांदा फोडला, कुणी वहाण हुंगवली. एक म्हातारी हळूच म्हणाली, खाण्यातून गेलंय. तिने ते आक्काकडे बघून म्हटलं.

मीही आक्काकडेच बघत होते. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. निम्मा माणूस घरी आणला होता. उरलेला निम्मा सांभाळायचा तर प्रत्येक वाढणारा हात बघावा लागतो. झाकलेलं भांडं वेगळं का ठेवलं, हे मी तिला सगळ्यांसमोर विचारलं.

तिचा चेहरा काळा पडला. एवढंच म्हणाली, "आमच्या घरचं पचत न्हाई म्हना की."

हे अर्ध्या-पाऊण तासात उठून बसले. ऊन लागलं म्हणाले. मी त्याच संध्याकाळी यांना घेऊन निघाले आणि ठरवलं, या घरचं पाणीसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या माहेरची जत्रा. चाकणच्या पुढे आमचं गाव, कांद्याचा मुलूख. तेव्हा तिकडे कारखाने नव्हते. अंगणात कांदा साठवायला रचलेल्या आरणी, वाऱ्याबरोबर पातीच्या सालपटांची उडती चादर. आई म्हातारी झाली होती, पण जावयासाठी शेवया तिने स्वतः वळल्या होत्या. तिथे मी निर्धास्त होते. मीच वाढलं. शेवयांची खीर यांनी दोन वाट्या घेतली, आईने आणखी एक ओतली. मी नको म्हणाले तर आई म्हणाली, "वाळून कोळ झालाय गं, खाऊ दे की त्याला."

आणि पुन्हा तेच. तोच घाम, तीच धडधड, तोच पिवळा चेहरा. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, ती म्हणाली, बघ, दृष्ट केवढी होती. मी चुलीकडे बघत राहिले. आक्का इथे नव्हती. तिचं भांडं नव्हतं. खीर माझ्या आईने केली आणि माझ्या हाताने वाढली. आता मी कुणावर संशय घेणार? संशयाला बसायला जागाच उरली नाही, तेव्हा तो फिरून यांच्यावर येऊन बसला.

चाकणच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. मी यांना विचारलं, डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले होते? मला नाही, तुम्हाला. यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, गाडी दिसते का. मग बोलले. डॉक्टरांनी गोड सांगितलेलं नव्हतंच. उलट बजावलं होतं की गूळ-साखर जपून, जेवताना वर पाणी नको. पोट लहान झालंय, गोड त्यात थांबत नाही, सरळ पुढे आतड्यात पडतं आणि मग असं घाम-धडधड होतं. सगळं यांना ठाऊक होतं. चऱ्होलीत पहिला घास घेतला तेव्हाही.

"दादाच्या घरी पोळी नको म्हणालो असतो," हे म्हणाले, "तर त्याचा अर्थ काय झाला असता, तुला कळत नाही?"

"आणि माझ्या आईकडे?"

"तिथं नको म्हणालो असतो तर तूच म्हणाली असतीस, भावाकडचं गोड लागतं, सासूचं नाही."

ते खरं होतं. मी तसं म्हणालेच असते. पण ते मी कबूल केलं नाही. म्हणाले, "म्हणजे कुणाच्या दारात मरायचं, एवढंच ठरवायचं राहिलंय म्हणा."

तेव्हा मला यांचं ध्येय समजलं. वजन नाही, मशीन नाही. पंगतीत भावाच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि वाढलेलं खायचं, एवढंच. मी म्हणाले, मग सांगा ना दादांना, गोड चालत नाही. हे म्हणाले, एकदा सांगितलं की संपलं. जन्मभर माझ्या ताटाकडे बघतील. भाऊ म्हणून नाही, रोगी म्हणून वाढतील. तूही सांगायचं नाहीस. मी हो म्हणाले. गाडी आली, गर्दीत यांना खिडकी मिळवून दिली आणि सगळ्या वाटेने, हे कसं मोडायचं, याचाच विचार केला.

आठवडाभराने मी एकटी चऱ्होलीला गेले. यांना सांगितलं, आळंदीला जाऊन येते. आक्का अंगणात कुरडयांचा चीक शिजवत होती. चीक हाटायला दोघी लागतात, एकीने पातेलं धरायचं आणि एकीने दांडा फिरवायचा, नाहीतर गुठळ्या होतात. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. मला बघून ती उठली नाही, ये म्हणाली नाही. मी पदर खोचला आणि पातेलं धरलं. चीक फुगून फदफदायला लागला, वाफेने डोळ्यांत पाणी आलं.

मग मी सांगितलं. गोड चालत नाही, डॉक्टरांनी बजावलंय, माहेरीही तेच झालं. हे कुणाला सांगू देत नाहीत.

आक्का दांडा फिरवत राहिली. म्हणाली, ते वेगळं भांडं म्हणजे गाईच्या दुधातलं गुळवणी होतं, सुंठ-वेलदोडा घालून केलेलं, आजारी माणसाला म्हणून. घरात गाईचं दूध तेवढंच होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, तूच त्यांना उपाशी ठेवतीस. हाडं दिसाय लागली की गाव म्हनंल, थोरल्यानं विहीर घेतली आन् धाकटा वाळून गेला. मी घरात बोलले बी तसं."

मी पातेलं सोडणार होते. पण चीक करपला असता.

"मग खातो तरी काय त्यो?" तिने विचारलं. मी सांगत गेले, ती ऐकत गेली. मधेच म्हणाली, डाळ चालती का नुसती? मी म्हणाले, मऊ शिजवलेली चालते. तिने दांडा पुन्हा चिकात घातला. मी परत निघाले तेव्हा मला तिचा भरवसा नव्हता. तिच्या पोटात हे राहील का, की उद्या दिरांच्या कानावर जाईल, तिथून गावाच्या?

पुढचं आधीच सांगून टाकते. पावसाळ्यापर्यंत वजन काही डॉक्टरांनी म्हटलं तेवढं भरलं नाही. थोडं कमीच राहिलं. तरी त्यांनी यांना मशिनीवर घेतलं. कुणाची शिफारस होती की डॉक्टरांना दया आली, मला माहीत नाही आणि दोन्हींवर माझा विश्वास नाही. हे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, नोकरी पुरी केली. शेवटपर्यंत चतकोर-चतकोर खात. अमोलला हे सांगितलं की तो म्हणतो, आजी, तेव्हा सायन्स नव्हतं. सायन्स होतं, बाळा. डॉक्टरांनी सगळं बरोबर सांगितलं होतं. पंगतीत काय करायचं, एवढं त्यांनी सांगितलं नव्हतं. तुझ्या फोनवरच्या बाईलाही विचारून बघ.

अक्षय तृतीयेला सासऱ्यांच्या नावाने घागर पुजायची असे. त्या दिवशी दोघा भावांनी एकत्र जेवायचंच, वाटणी झाली तरी. आम्ही गेलो. भावकीतली माणसं पंगतीला होती. दिरांनी पुण्याच्या बाजारातून टोपलीभर आंबे स्वतः खांद्यावरून आणले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते. आक्काने रस काढून ठेवला होता. मोठं पातेलं काठोकाठ, वर जाळीचं झाकण.

मी स्वयंपाकघरात गेले तशी तिने पोळ्यांच्या चळतीच्या बाजूला ठेवलेली एक पोळी दाखवली. दिसायला बाकीच्यांसारखीच, तशीच तुपाने माखलेली, फक्त काठाला एक चिमटा काढलेला. "ह्यात गूळ न्हाई," ती म्हणाली. नुसती वाटलेली डाळ, जिरं आणि मीठ. मी कोपरा मोडून तोंडात टाकला.

"पुन्यांदा चाखून बघ," ती म्हणाली.

मी पुन्हा चाखून बघितली.

ती पोळी यांच्या ताटात पडली. दिरांनी तिरक्या नजरेने पाहिलं, पोळी घेतली का. यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावता चावता थांबले. एकदा दाराकडे पाहिलं. आम्ही दोघी भिंतीआड झालो. मग हे सावकाश चावायला लागले, मी सांगते तसं. दिरांनी समाधानाने स्वतःच्या पोळीवर तूप ओतून घेतलं.

मी आमटीकडे वळणार, तेवढ्यात दिरांनी यांच्या पाठीवर हात ठेवून हाक मारली. किसनला रस आणा. पहिली वाटी त्याला.

हे या वेळीही नको म्हणणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. भावाने खांद्यावरून आणलेले आंबे, वडलांचा दिवस, पुढे भावकी. हे वाटी घेणार, पिणार आणि पुन्हा ओट्यावर आडवे होणार. मी आक्काकडे पाहिलं. पातेलं आमच्या दोघींच्या मधे होतं.

आक्का दारात गेली. पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"रस संपला," ती म्हणाली.

दीर म्हणाले, संपला म्हणजे? अजून कुणाला वाढलासुद्धा नाही. टोपलीभर आंबे होते.

"समदे आंबट निघाले. म्हशीला घातले."

भावकीतला एक जण खाली बघून म्हणाला, राव, मग म्हशीची अक्षय तृतीया झाली की. पंगत हसली. दीर हसले नाहीत. पाहुण्यांपुढे बायकोने त्यांचे आंबे आंबट ठरवले होते आणि भरल्या घरात वाढायला रस नव्हता. याहून मोठी लाज शेतकऱ्याच्या घरात नाही. ते तिला बोलले, सगळ्यांसमोर, वाईट बोलले. ती दारात उभी राहून ऐकत होती. मग दिरांची नजर यांच्या ताटावर गेली, तिथे जरा थांबली. "बरं," ते म्हणाले. "आमटी वाढा त्याला." त्यांना समजलं होतं का? त्यांनी कधी सांगितलं नाही, मला मात्र अजून संशय आहे.

यांनी पोळी संपवली आणि आपणहून म्हणाले, "वैनी, अजून अर्धी." चिमटा काढलेली आणखी एक आक्काने चळतीमागे झाकून ठेवली होती.

बापये उठून गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात राहिलो. आक्काने पातेल्यावरची जाळी काढली, दोन वाट्या काठापर्यंत भरल्या आणि एक माझ्याकडे सरकवली. स्वतःची हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"आदी मी पिऊन दावू?" ती म्हणाली.

मी वाटी तोंडाला लावली. आंबे चांगले गोड होते. रस प्यायले आणि वाटी पुन्हा तिच्यापुढे धरली.